ठरावापलीकडचा हक्क

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रात महाडच्या चवदार तळ्याचा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. परंतु या तळ्यासाठी त्यांना जवळजवळ दहा वर्षे न्यायालयातही झगडावे लागले, याचे स्मरण क्वचितच होते. त्या दहा वर्षांच्या प्रकाशात राज्यघटनेतील काही कलमे वाचली, की त्यांचा अर्थ अधिक उलगडतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांनी न्यूयॉर्क व लंडन येथे उच्च शिक्षण घेतले, बॅरिस्टरची पदवी संपादन केली आणि १९२३ साली मुंबईत वकिली आरंभिली. त्याच वर्षी मुंबई कायदे कौन्सिलने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असे ठरविले. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर त्यांच्या अनुयायांवर हल्ले झाले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. बहुमताने दिलेला हक्क बहुमतानेच हिरावून घेतला!

डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहाची तयारी झाली, तोच तळे खासगी असल्याचा दावा दाखल होऊन बाबासाहेबांविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम निघाला. हजारो अनुयायी जमलेले असूनही त्यांनी पाणी घेण्याचा कार्यक्रम तहकूब केला व लढा न्यायालयात नेला. १९३१ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. अपिलांवर अपिले झाली आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. वादींनी सांगितलेली रूढी अनादी काळापासूनची असल्याचे सिद्ध झाले नव्हते. न्याय मिळाला, पण घोटभर पाण्यासाठी दशक लोटले.

१९४७ साली मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा प्रश्न तोच होता, व्याप्ती मात्र देशाएवढी होती. सत्ता आणि नागरिक यांच्यात तंटा झाला तर निवाडा कोणी करावा? व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमावर संविधान सभेत वाद झाला, तेव्हा त्यांनी दोन्ही धोके मांडले. विधिमंडळ बहुमताच्या बळावर अन्यायकारक कायदा करू शकते, तर मोजके न्यायाधीशही आपल्या पूर्वग्रहांपासून मुक्त असतीलच असे नाही. सभेने कायद्याचा न्याय्यपणा तपासण्याचा व्यापक अधिकार न्यायालयांना स्पष्ट शब्दांत दिला नाही. म्हणून १९४९ साली बाबासाहेबांनी आणखी एक कलम आणले, तेच आजचे कलम २२. अटकेचे कारण सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे त्याने बंधनकारक झाले. प्रतिबंधक स्थानबद्धतेला मात्र त्याच कलमात काही मर्यादांसह वाव राहिला.

मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा कलम १३ ने रद्दबातल ठरतो. कलम ३२ ने तर थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागणे हाच मूलभूत हक्क केला. बाबासाहेबांच्या दृष्टीने सर्व कलमांत हे सर्वाधिक महत्त्वाचे होते. हक्क लिहून ठेवला, पण तो बजावण्याची सोय केली नाही, तर तो नगरपालिकेच्या त्या ठरावासारखाच ठरतो.

न्यायालयांनीही हा तोल एका दिवसात साधला नाही. १९५० साली ए. के. गोपालन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धतेचा कायदा बव्हंशी वैध ठरविला. कायद्याची पद्धत न्याय्य व वाजवीच असली पाहिजे, हे तत्त्व मनेका गांधी खटल्यात १९७८ साली प्रस्थापित झाले. ते पाहण्यास बाबासाहेब नव्हते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले होते.

त्यांनी न्यायालयाचे दार आपल्यासाठी उघडून ठेवले. ते ठोठावण्यासाठी लागणारे ज्ञान आणि धैर्य मात्र प्रत्येक पिढीला स्वतःच कमवावे लागते.