मालक की विश्वस्त?



आजचं वाचन : ईशावास्य उपनिषद, पहिला मंत्र. जग ईश्वराचं आहे, आपण मालक नाही, असा त्याचा भाव. मग धंदा करायचाच नाही का?

आम्हा यवतमाळकरांना उत्तर शेजारच्या वर्ध्यात सापडतं. जमनालाल बजाज. जन्म १८८९, सीकरजवळच्या काशी का बास गावी. वर्ध्याच्या शेठ बच्छराजांकडे ते नातू म्हणून दत्तक आले. सतराव्या वर्षी आजोबा रागाने पैशावरून बोलले, तेव्हा पोराने इस्टेटीवरचा हक्क सोडल्याचं लिहून दिलं आणि घर सोडलं. आजोबांनी समजूत घालून परत आणलं. पण हा पैसा आपला नाही, ही जाणीव मनात पक्की बसली.

पुढे त्यांनी कापसाचा व्यापार केला, १९३१ साली साखर कारखानाही काढला. कमावलं भरपूर, पण गांधीजी सांगत तसे विश्वस्त म्हणून. रायबहादूर हा किताब त्यांनी १९२१ साली परत केला. १९२८ साली विरोध पत्करून वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं. सेवाग्रामसाठी जमीन दिली. शेवटी गोसेवेला वाहून घेतलं आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजी गेले.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. माझ्याकडे ना गिरणी, ना कारखाना. पण माझ्या लॉगिनमागे अनोळखी माणसांचा डेटा असतो. तो सांभाळायचा अधिकार माझा, मालकी त्यांची. मला तरी हा मंत्र इथेच लागू पडतो.

आज कामाला बसताना स्वतःला विचारू या : माझ्या हातात जे आहे, ते कुणाचं?