नाव हरवलेली लिली

लग्नानंतर नाव बदलणं आपल्याला नवं नाही. पण एका इवल्याशा फुलाचं नाव तीन-चारदा बदललं, आणि त्यात एका माणसाची आठवण पुसट झाली, हे ठाऊक आहे का?

तो माणूस म्हणजे एडवर्ड ल्हुइड. जन्म १६६० चा. आई ब्रिजेट प्राइस आणि वडील एडवर्ड लॉइड यांचं लग्न झालेलं नव्हतं. त्या काळी अशा मुलाला वारसाहक्क कुठला? वडील गेले तेही कर्ज मागे ठेवून. एडवर्ड ऑक्सफर्डला शिकायला गेला, पण पदवी हाती आली नाही. तरी १६९१ मध्ये तो तिथल्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचा प्रमुख झाला! वडिलांचं आडनावही त्यानं वेल्श वळणानं लिहायला घेतलं.

वेल्सचे डोंगर त्यानं पायी पालथे घातले. स्नोडन परिसरातल्या उंच कड्यांच्या कपारीत त्याला एक रोप दिसलं. लहानसा कंद, गवतासारखी पानं आणि जांभळट रेघांचं पांढरं फूल. पुढे १६९७ ते १७०१ अशी चार वर्षं तो वेल्स, आयर्लंड, स्कॉटलंड, ब्रिटनी असा हिंडला. ब्रिटनीत तर हेर समजून त्याला पकडलं. वेल्श, आयरिश, ब्रेटन या भाषा एकमेकींच्या नात्यातल्या आहेत, हे त्यानं १७०७ च्या ग्रंथात दाखवलं. दोनच वर्षांनी, ४९ व्या वर्षी, दमा आणि फुफ्फुसाच्या आजारानं तो गेला.

फुलाचा प्रवास मात्र चालूच राहिला. लिनियसनं १७५३ मध्ये त्याला एका प्रजातीत घातलं, १७६२ मध्ये दुसऱ्या. १८३० मध्ये 'लॉयडिया' ही स्वतंत्र प्रजाती छापून आली, ल्हुइडच्या सन्मानार्थ. घरच्या वारशात ज्याला जागा नव्हती, त्याला शास्त्राच्या वहीत हक्काचं घर मिळालं!

एकविसाव्या शतकात डीएनए तपासला गेला, तेव्हा ही रोपं 'गेजिया' प्रजातीतच मोडतात असं दिसलं. ते नाव जुनं, १८०६ चं, म्हणून नियमानं तेच टिकलं. आता फूल झालं 'गेजिया सेरोटिना'. हे नाव सर थॉमस गेज यांच्यावरून आलेलं, आणि त्यांची 'सर' ही पदवी वडिलोपार्जित! नियमाला माणसाची कहाणी दिसत नाही, हेच खरं.

हेच फूल आपल्या हिमालयातही उमलतं. ब्रिटनमध्ये मात्र ते वेल्सच्या मोजक्या कड्यांवरच उरलंय. कुणी ते पाहिलं, तर ल्हुइडची आठवण जरूर काढावी. पुस्तकातलं नाव बदललं, तरी ते शोधायला झिजलेले पाय त्याचेच होते ना!