कोसबाडच्या अनुताई

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या गावात किंवा मोहल्ल्यात अंगणवाडी असेल. तुमचा धाकटा भाऊ किंवा बहीण तिथे जात असेल. पण 'अंगणवाडी' हे नाव कसे पडले, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? अंगण म्हणजे घरापुढची मोकळी जागा. मुले शाळेत येत नाहीत हे पाहून शाळाच मुलांच्या अंगणात नेणाऱ्या दोन शिक्षिका महाराष्ट्रात होऊन गेल्या. एक ताराबाई मोडक आणि दुसऱ्या अनुताई वाघ. या पाठात आपण अनुताईंची ओळख करून घेऊ या.

अनुताईंचा जन्म 17 मार्च 1910 रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. त्या काळी मुलींची लग्ने फार लहानपणी होत. अनुताईंचे लग्नही तेराव्या वर्षी झाले आणि सहा महिन्यांतच त्यांचे पती वारले. विधवा मुलीने घराच्या कोपऱ्यात बसून राहावे, अशी तेव्हाची रीत होती. अनुताईंनी मात्र पुस्तक हाती धरले. शिक्षिकेचे प्रशिक्षण घेऊन त्या 1929 साली नोकरीला लागल्या. नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे काही वर्षे शिकवल्यानंतर 1933 साली त्या पुण्याच्या हुजूरपागा शाळेत आल्या. दिवसा शिकवायचे आणि रात्रीच्या शाळेत शिकायचे, असा त्यांचा क्रम होता. अशा रीतीने 1937 साली त्या मॅट्रिक झाल्या.

पुण्यातली नोकरी चांगली होती. पण 1945 साली बोरिवलीच्या एका शिबिरात त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी भेट झाली. लहान मुलांच्या शिक्षणात ताराबाईंनी मोठे काम केले होते. मात्र ते काम शहरातल्या मुलांपुरते राहू नये, असे त्यांना वाटत होते. खेड्यात जायला कोण तयार आहे, हा प्रश्न होता. अनुताई तयार झाल्या. पस्तिसाव्या वर्षी पुण्याची नोकरी सोडून त्या समुद्रकाठच्या बोर्डी या गावी गेल्या. तिथे दोघींनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे 1956 साली हे काम जवळच्या कोसबाड टेकडीवर गेले. हा भाग डहाणू तालुक्यात आहे. तेव्हा तो ठाणे जिल्ह्यात होता. 2014 पासून तो पालघर जिल्ह्यात आहे.

या भागात वारली आदिवासी राहतात. ते छोट्या छोट्या वस्त्यांत राहतात. त्या वस्तीला पाडा म्हणतात. त्या वेळी त्यांची स्थिती फार वाईट होती. जमीनदार त्यांना वेठीला धरत आणि अपुऱ्या मजुरीवर राबवत. अशा घरातले मूल शाळेत कसे येणार? मोठे मूल गुरे राखी, त्याहून लहान मूल धाकट्या भावंडाला सांभाळी. शिवाय घरची बोली वारली आणि पुस्तकातली भाषा वेगळी. तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता, म्हणून ही अडचण तुम्हाला चांगली समजेल.

घंटा वाजवून मुले येत नाहीत, हे दोघींनी पाहिले. मग सकाळी शिक्षिकाच पाड्यावर जाऊ लागल्या. एखाद्या झोपडीसमोरचे अंगण झाडून घ्यायचे. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखे कापायची. मग गाणी, गोष्टी आणि खेळ. महागडी साधने आणायला पैसे नव्हते. म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने आणि फुले हीच साधने झाली. मुले शिंपल्यांनी मोजायला शिकली आणि पानाफुलांवरून रंग ओळखू लागली.

तरीही गुरे राखणारी मुले उरलीच होती. गुरे सोडून ती अंगणातही येऊ शकत नव्हती. तेव्हा शाळा आणखी पुढे गेली. ज्या माळावर गवत वाढते आणि गुरे चरतात, त्याला कुरण म्हणतात. गुरे चरत आहेत आणि राखणारी मुले झाडाखाली बसून शिकत आहेत, अशी कुरणशाळा सुरू झाली. भावंडाला सांभाळणाऱ्या मुलींसाठी वेगळी सोय झाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. धाकटे मूल पाळण्यात झोपले की ताई निश्चिंतपणे वर्गात बसू शके. या योजनेला विकासवाडी असे नाव मिळाले.

या साऱ्या धावपळीत अनुताईंचे स्वतःचे शिकणे थांबले नाही. 1961 साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्या बी.ए. झाल्या. 1973 साली ताराबाईंचे निधन झाले. त्यानंतर अनुताईंनी कोसबाडचे काम पुढे नेले. सरकारने 1975 साली एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. 1985 साली अनुताईंना पद्मश्री हा किताब देण्यात आला. 27 सप्टेंबर 1992 रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, एखादे मूल शाळेत आले नाही की आपण म्हणतो, त्याला शिकायचेच नाही. अनुताईंनी मुलाला दोष दिला नाही. ते का येत नाही, हे त्याच्या दारात जाऊन पाहिले आणि त्याप्रमाणे शाळा बदलली. तुमच्या गल्लीतही एखादा मुलगा गॅरेजमध्ये काम करत असेल, एखादी मुलगी घरी भावंडे सांभाळत असेल. उन्हाळ्याची सुट्टी लागली की त्यांच्याकडे जा. ते का येत नाहीत, ते आधी विचारा. मग रोज तासभर त्यांच्याबरोबर बसा. फळा नसला तरी चालेल. खडे आणि शिंपले पुरतात.