नाणूसचा दिपाजी राणे

आमच्या हळर्ण गावाचे नाव लिस्बनला पोहोचले ते एका किल्ल्यामुळे. शापोरा नदीच्या काठी सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रो मिगेल द आल्मैदा याने तो जिंकला, म्हणून पोर्तुगालच्या राजाने त्याला 'मार्क्वेस द आलोर्ना' हा किताब दिला. आलोर्ना म्हणजे आमचे हळर्ण. याच गृहस्थाने त्याआधी, ब्राझीलमध्ये गव्हर्नर असताना, १७२० साली व्हिला रिका गावचा उठाव चिरडला होता. त्याची नात लिओनोर पोर्तुगीज कवयित्री म्हणून गाजली, तीही आलोर्ना याच नावाने. लहानपणी मला याचा फार अभिमान वाटे. पुढे अभिमान कशाचा, असे मीच मला विचारू लागलो, आणि तेव्हा दिपाजी राणे मला भेटला.

आमच्या महाविद्यालयातील कन्नड मित्रांना संगोळ्ळी रायण्णा शिकवावा लागत नाही. २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रजांनी नंदगडला त्याला फाशी दिले. त्यानंतर बरोबर एकवीस वर्षांनी, २६ जानेवारी १८५२ रोजी, घाटाच्या खालच्या अंगाला दिपाजीने नाणूसचा किल्ला घेतला. योगायोगच, पण आपण त्या तारखेला झेंडावंदनाला उभे राहतो तेव्हा मला दोघांची आठवण होते.

नाणूस म्हणजे सत्तरी महालातले, वाळपईजवळचे, म्हादई नदीच्या काठचे गाव. राणे हे या महालाचे जुने वतनदार. राज्य कोणाचेही असो, आपल्या हक्कांना हात लागला की हत्यार उचलायचे ही त्यांची रीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस डिचोली, सत्तरी आणि आमचे पेडणे पोर्तुगिजांकडे गेले, तेव्हा या नव्या मुलखातल्या लोकांच्या धर्माला व चालीरीतींना धक्का लावणार नाही, अशी हमी सरकारने दिली होती. जुन्या मुलखात देवळे पाडली गेली होती, हे सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे त्या हमीला मोल होते.

१८५२ मध्ये मोडू लागली ती हीच हमी. जमिनीच्या हक्कांत सरकारने हात घातला होता, आणि सत्तरीत असे सांगतात की पुरुषांनी तुमान घातलीच पाहिजे असा हुकूमही निघाला होता. शिपायांनी बायकामाणसांशी केलेल्या वर्तनाच्या गोष्टीही सांगतात. वर्गात मी हे सांगितले तेव्हा एक मित्र हसला. तुमानीसाठी बंड? मलाही क्षणभर उत्तर सुचेना, कारण मी स्वतः तुमान घालून उभा होतो. पण माझ्या आजोबांनी जन्मभर काष्टी सोडली नाही, आणि कोणी हुकूम काढून ती सोडवली असती तर ते काय करते, हे मला नीट ठाऊक आहे. प्रश्न कापडाचा नव्हता. अंगावर काय घालायचे हे कोण ठरवणार, हा होता.

गंमत अशी की, त्या वेळचे पोर्तुगीज सरकार पाद्रयांचेही नव्हते. साधूंचे मठ त्यांनीच १८३५ मध्ये बंद केले होते. सगळी प्रजा एका साच्याची करू पाहणारे ते नव्या मताचे सरकार होते. मेक्सिकोत १९२६ मध्ये कॅथलिक शेतकऱ्यांनी बंदुका उचलल्या त्याही अशाच सरकारविरुद्ध. त्यांना 'क्रिस्तेरो' म्हणत. १९२९ मध्ये बिशप आणि राष्ट्राध्यक्ष यांनी आपापसांत समेट केला. लढणाऱ्यांना कोणी विचारले नाही, आणि हत्यारे ठेवल्यावर त्यांतल्या कित्येकांना ठार केले गेले.

दिपाजीचे तसे झाले नाही. नाणूसची हत्यारे हाती आल्यावर तो रानात शिरला आणि गनिमी काव्याने लढत राहिला. सत्तरीचे रान ज्यांनी पाहिले आहे त्यांना पलटणीची काय दैना झाली असेल ते सांगायला नको. गव्हर्नर लापा याने फौज पाठवली. बंड सत्तरीबाहेरही पसरले. १४ ऑक्टोबर १८५३ रोजी, बंड चालू असतानाच, याच लापाने नव्या मुलखातल्या हिंदूंच्या रूढींची संहिता जारी केली. वारसा, लग्न, दत्तक, सगळे तिच्यात आले. ही संहिता बंडामुळेच निघाली असे छातीठोकपणे म्हणणार नाही, पण तिचा बंडाशी काहीच संबंध नव्हता, हे मला पटत नाही. साडेतीन वर्षांनी, १८५५ मध्ये, सरकारने दिपाजीशीच तह केला.

त्याला देव्हाऱ्यात बसवायची माझी इच्छा नाही. राणे जमीनदार होते. राखले गेलेले हक्क मुख्यतः त्यांचे होते, राबणाऱ्या कुळांचे नव्हेत. सत्तरीतली कुळे जमिनीसाठी पुढे झगडली ती याच वर्गाशी. आणि सरकारचा शब्दही फार टिकला नाही. १८६९ मध्ये कुष्टोबा राणे उठला, १८७१ मध्ये मारला गेला. १८९५ मध्ये आफ्रिकेत लढायला जाण्यास नकार देऊन मराठे शिपाई नाणूसलाच आले आणि दादा राणे त्यांना मिळाला. त्याला तिमोरला हद्दपार केले.

मागच्या सुट्टीत मी नाणूसला गेलो होतो. आमच्या हळर्णच्या किल्ल्याला निदान तट आणि खंदक आहेत. इथे झाडोऱ्यात थोडे चिरे दिसले. रस्ता दाखवणाऱ्या म्हाताऱ्याने, न विचारता, दिपाजी कुठून आत शिरला ती जागा दाखवली. ती तीच असेल का, हे मी त्याला विचारले नाही.