मिस नाइटिंगेल आणि इस्पितळांतील जिने

मिस फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांचें नांव निघालें म्हणजे रात्रीं दिवा घेऊन जखमी शिपायांमधून फिरणारी बाई आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें उभी राहते. आज आम्ही दिव्याविषयीं न लिहितां जिन्यांविषयीं लिहितों.

बाईंचा जन्म इ. स. १८२० त एका श्रीमंत इंग्रज कुटुंबांत झाला. आजाऱ्यांची शुश्रूषा तेव्हां हलकें काम समजत, म्हणून घरच्यांनीं पुष्कळ विरोध केला. तरी १८५१ त जर्मनींत कैझर्सवर्थ येथें पाळक फ्लीडनर ह्यांच्या संस्थेंत राहून त्या तें काम शिकल्या.

१८५३ त लंडनांतील एका लहान इस्पितळाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. नर्सांनीं दिवसभर पाणी व जेवण वाहत जिने चढावे उतरावे हें त्यांस पटेना. प्रत्येक मजल्यावर नळानें गरम पाणी यावें, जेवण वर ओढून घेण्याचें यंत्र असावें, आणि घंटा कोणत्या आजाऱ्यानें वाजविली हें नर्सेस उभ्या जागीं कळावें, अशी मागणी त्यांनीं केली. नर्सेचे पाय वांचले तर तिचे डोळे आजाऱ्याकडे राहतात. आमच्या ज्या बहिणी विहिरीवरून पाणी आणून दवाखान्याची पायरी चढल्या आहेत, त्यांस हें सांगावयास नको.

१८५४ च्या नोव्हेंबरांत, क्रिमियाच्या लढाईच्या वेळीं, बाई ३८ स्त्रियांसह तुर्कस्थानांत स्कुटारी येथील लष्करी इस्पितळांत गेल्या. त्यांनीं रात्रंदिवस कष्ट केले, तरी त्या हिवाळ्यांत माणसें मरतच राहिलीं. कारण इमारतीखालचीं गटारें तुंबलीं होतीं. १८५५ च्या मार्चांत सरकारी कमिशन आलें. त्यानें गटारें साफ करविलीं व हवा आंत येऊं दिली, तेव्हां मृत्युसंख्या झपाट्यानें उतरली. मायदेशीं परतून आंकडे मांडतांना हें बाईंच्या पुरतें ध्यानांत आलें. एवढ्या कष्टांनीं जें साधलें नाहीं तें झाडूनें साधलें, असें स्वतःच्याच वहींत वाचणें किती कठीण गेलें असेल! पण त्यांनीं तें दडविलें नाहीं. तेच आंकडे सरकारापुढें ठेविले.

१८६० त लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळांत त्यांच्या नांवाची शाळा निघाली. तेथें शिकणाऱ्या प्रत्येकीस निजावयास स्वतंत्र खोली, जेवण, गणवेष व वर्षास १० पौंड मिळत. शिस्त मात्र कडक. दरमहा प्रत्येकीच्या कामाची व वागणुकीची नोंद होई. बाई स्वतः आजारामुळें बहुधा खोलींतच असत, पण १८७२ पासून त्या नर्सांस पत्रें लिहीत व घरीं बोलावून त्यांची विचारपूस करीत. १३ ऑगस्ट १९१० रोजीं, वयाच्या ९० व्या वर्षीं, त्या लंडनांत वारल्या.