महात्मा जोतीराव फुले आणि पालक

मुलाचें नांव शाळेंत घातलें म्हणजे आपलें काम संपलें, असा समज पुष्कळ घरीं आढळतो. तो किती चुकीचा आहे, हें महात्मा जोतीराव फुले यांच्या चरित्रावरून चांगलें कळून येतें.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालीं झाला. ते तान्हे असतांनाच त्यांच्या मातोश्री चिमणाबाई निवर्तल्या. वडील गोविंदराव पुण्यांत फुलांचा व भाजीपाल्याचा धंदा करीत. त्यांनीं मुलास शाळेंत घातलें खरें. परंतु शिकला कीं तो शेतीच्या कामाचा राहणार नाहीं, असें लोकांनीं मनांत भरविल्यामुळें त्यांनीं त्यास काढून घेतलें. पाटी गेली आणि हातीं खुरपें आलें. पुढें शेजारचे गफार बेग मुनशी व लिजिट साहेब यांनीं मुलाची हुशारी ओळखून गोविंदरावांची समजूत घातली. तेव्हां कोठें १८४१ सालीं जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेंत जाऊं लागले. बापानें एकाचें ऐकून शाळा सोडविली, दुसऱ्याचें ऐकून ती पुन्हां धरिली. शिक्षणाचा लाभ कोणता, हें त्यांस आधीं कोणीं समजावून सांगितलेंच नव्हतें!

१८४८ सालीं जोतीरावांनीं पुण्यांतील भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढिली. पत्नी सावित्रीबाईंस त्यांनीं स्वतः शिकवून शिक्षिका केलें. त्या काळीं मुलीला शिकविणें हें पाप मानीत. लोकनिंदेच्या भयानें गोविंदरावांनीं १८४९ सालीं मुलास व सुनेस घराबाहेर पडावयास सांगितलें. ज्या पित्यानें त्यांस शाळा परत दिली, त्याचेंच घर शाळेपायीं सोडावें लागलें; तरी त्या उभयतांनीं शाळा सोडिली नाहीं. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठींही त्यांनीं शाळा उघडिल्या. १८५२ सालीं विश्रामबाग वाड्यांत सरकारनें जोतीरावांचा जाहीर सत्कार केला.

पुढें १८५५ सालीं त्यांनीं शेतकरी व मजूर यांच्यासाठीं आपल्या घरींच रात्रीची शाळा चालविली. दिवसा राबणाऱ्या आईबापांस स्वतः अक्षर कळलें, तर मुलाच्या पाटीवर काय लिहिलें आहे हें त्यांस दिसेल. एरवीं शाळा त्यांस परकीच वाटणार.

१८८२ सालीं हंटर यांच्या शिक्षण आयोगापुढें जोतीरावांनीं निवेदन मांडिलें. सरकारचा वसूल बहुतांशीं शेतकऱ्यांच्या कष्टांतून येतो, पण त्यांच्या मुलांच्या शिक्षणावर फारच थोडा खर्च होतो, असें त्यांनीं दाखवून दिलें. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें असावें, शिक्षक प्रशिक्षित असावे व त्यांस पुरेसा पगार मिळावा, मुलांस हिशेब, शेती व आरोग्य यांचेंही ज्ञान द्यावें, अशा त्यांच्या मागण्या होत्या. ज्या जातींत शिक्षणाची गोडी नाहीं, तेथें मुलांस उत्तेजनार्थ वेतन व बक्षिसें द्यावीं, असेंही त्यांनीं सुचविलें. जोतीराव १८९० सालीं निवर्तले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं झाला.

परंतु कायदा मुलास शाळेच्या दारापर्यंतच आणतो. पालकहो, आज काय शिकलास, असें संध्याकाळीं मुलास विचारण्याचें काम आपलेंच आहे. गुरुजींस भेटण्याचेंही आपलेंच. आणि शेजारच्या घरीं एखाद्या मुलाची पाटी कोनाड्यांत धूळ खात पडली असेल, तर दोन शब्द बोलावयास संकोच करूं नये. शेजाऱ्यांच्या अशाच शब्दांनीं जोतीरावांस त्यांची शाळा परत मिळाली होती.