आईने गप्प बसायचं!

मुलाला कुणी प्रश्न विचारला, की उत्तर आपल्याच ओठांवर येतं, नाही का? ‘अरे, कालच सांगितलं होतं ना!’ म्हणता म्हणता आपण अर्धं उत्तर देऊनही टाकतो. बुद्धिमापन चाचणीचे जनक आल्फ्रेड बिने यांना या सवयीची धास्ती होती. एकदा त्यांची स्वतःचीच फजिती झाली होती.

बिने यांचा जन्म १८५७ साली नीस शहरात झाला. तरुणपणी ते पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात डॉ. शार्को यांच्याकडे संमोहनाचे प्रयोग करायचे. लोहचुंबक जवळ नेला, की संमोहित रुग्णाची लक्षणं शरीराच्या एका बाजूकडून दुसरीकडे जातात, असं त्यांनी छापूनही टाकलं. बेल्जियमच्या देल्बफ यांनी त्यातली गोम दाखवली. चुंबकाचा काही संबंधच नव्हता. प्रयोग करणारे रुग्णांसमोरच सगळं बोलायचे आणि त्या बिचाऱ्या बायका त्यांना हवं तसं वागायच्या! बिने यांना चूक कबूल करावी लागली.

पुढे घरी मॅडलीन आणि अ‍ॅलिस या दोन लेकींना ते प्रश्न विचारत, उत्तरं टिपून ठेवत. एकाच घरात वाढलेल्या दोघींची विचार करण्याची तऱ्हा किती निराळी, हे त्यांना तिथेच उमगलं.

शाळेत मागे पडणारी मुलं नेमकी ओळखायची कशी, हा प्रश्न १९०४ मध्ये फ्रेंच सरकारने नेमलेल्या समितीपुढे आला. वर्गात त्रास देणाऱ्या मुलावर ‘मंद’ असा शिक्का मारणं शिक्षकांना फारच सोपं होतं. १९०५ मध्ये बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी ३० प्रश्नांची चाचणी तयार केली आणि ती घ्यायची कशी, हेही बारकाईने लिहून ठेवलं. खोली शांत हवी. मुलाशी आधी प्रेमाने बोलायचं. प्रश्न ठरलेल्या शब्दांतच विचारायचा, जादा समजावून सांगायचं नाही. उत्तर चुकलं तरी धीर द्यायचा. ओळखीचं मोठं माणूस सोबत असेल, तर त्याने चकार शब्द काढायचा नाही.

(चित्रातल्या दोन बायकांपैकी सुंदर कोण, असाही एक प्रश्न १९०८च्या चाचणीत होता. तो मात्र आपल्याला आज खटकेल!)

बिने १९११ मध्ये वारले. दोनच वर्षांनी न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, बोटीतून थकूनभागून उतरलेल्या परदेशी माणसांना दुभाष्यामार्फत हेच प्रश्न विचारले गेले. त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यात पेन्सिलही धरली नव्हती. त्यांच्यावर मतिमंद म्हणून शिक्के बसले.

आपल्याकडे १९३०च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बेतली. प्रश्न मुलाच्याच भाषेत आले. आईने गप्प बसायचा नियम मात्र तोच राहिला.